आबा घरी यायचे तेव्हा

आबांच्या फटफटीचा आवाज आधी गल्लीच्या तोंडाशी यायचा, गिरणीजवळच्या वळणावर थोडा मंदावायचा आणि आमच्या दारात येऊन एकदा घुरघुरून बंद व्हायचा. तेवढ्या वेळात आमच्या घरात बरंच काही होऊन जायचं. आई पातेल्यातली पळी अशी बेतानं काढायची की कडेला लागून आवाज होऊ नये. बसायला आलेली एखादी शेजारीण ‘येतो बाई’ म्हणत मागच्या दारानं निघायची. आणि मी आईला जे काही सांगत असेन, ते जिथं असेल तिथं थांबायचं. आबा आत येईपर्यंत घर गप्प झालेलं असायचं.

ही गोष्ट कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली, साठ ते सत्तरच्या दरम्यानची. आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे जवळच्या गडमुडशिंगी गावचे. मिसरूड फुटायच्या आधीच ते शहरात आले, दुसऱ्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर काम शिकले आणि पुढं उद्यमनगरात स्वतःची शेड टाकली. तिथं तेलावर चालणाऱ्या इंजिनांचे सुटे भाग कातून निघायचे. दिवसभर त्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे. तोच आवाज ते घरी घेऊन यायचे. पण नुसता आवाज मोठा असता तर आमचं काही बिघडलं नसतं. कोल्हापुरात हळू कोण बोलतं? आबांच्या आवाजात राग असायचा, आणि तो कशावर उतरेल याचा नेम नसायचा. आमटीत मीठ कमी पडलं, दाराची कडी नीट लागली नाही, वर्तमानपत्राची घडी मोडली, काहीही पुरायचं. त्यांनी आमच्यावर कधी हात उगारला नाही. पण समोरचं ताट सरकवून ते उठले, की त्या सरकलेल्या ताटाचा आवाज रात्रभर कानात राहायचा. आई मग न जेवता भांडी घासायला बसायची.

घरात आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, आणि धाकटी माझ्याहून बारा वर्षांनी लहान. ती पाळण्यात होती तेव्हा मी शाळेत जात होते, त्यामुळं गप्पांना मला आईच. शाळेतून आलं की मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आईला सगळं सांगायची. बाईंची नक्कल करायची, मैत्रिणींची भांडणं सांगायची. आई भाकऱ्या थापता थापता ऐकायची. फटफटी आली की मी थांबायची. दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी असायचं, म्हणून कालचं राहिलेलं तसंच राहून जायचं. आईही कधी विचारायची नाही. तिलाही सवय झाली होती.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी विशीत होते. स्थळ पुण्याचं. मुलगा शाळेत शिक्षक, घरात सासू आणि एक नणंद. लग्नात आबा पंगतीत वाढप्यावर इतके ओरडले की वऱ्हाडातले लोक जेवायचे थांबून बघायला लागले. मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत मी मान खाली घातली. निघताना मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, पण बोलले काहीच नाहीत. मला तेव्हा वाटलं, वाढप्यावरचा राग अजून गेला नसेल.

पुण्याच्या घरी सगळे माझ्या बोलण्याला हसायचे. कोल्हापूरच्या मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच म्हणतात, आणि मीही म्हणायची. नणंद म्हणायची, वहिनी, तुम्ही बाई की पुरुष? त्या हसण्यात कुचकेपणा नव्हता, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नाही. मला वेगळंच काहीतरी छळत होतं. सासूबाईंशी मी मोकळेपणानं बोलत असायची. दुपारभर आमच्या गप्पा चालायच्या. संध्याकाळी नवऱ्याची सायकल फाटकाला टेकली, की माझं बोलणं तुटायचं. तो बिचारा घरात यायचा तो हसत, पिशवीतून पेरू काढत. आपण आल्याबरोबर बायको गप्प का होते, हे त्याला कळायचं नाही. एकदा त्यानं विचारलं, “माझं काही चुकतं का?” मी नाही म्हटलं. मलाही धड ठाऊक नव्हतं. तोंड आपोआप मिटायचं, एवढंच.

पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. एसटी स्टँडवर उतरवून घ्यायला शेडमधला एक कामगार आला होता. घरी आले, आंघोळ केली, आणि आईजवळ जाऊन बसले. आईचा चेहरा काळजीत दिसला. तिनं आधी दाराकडं बघितलं आणि मग हळूच सांगितलं, की आबांचं काहीतरी बिनसलंय.

मला वाटलं, नेहमीचंच. पण आईचं म्हणणं उलटं होतं. आबा ओरडायचे कमी झाले होते. गुढीपाडव्यानंतर कधीतरी हे सुरू झालं. शेड बंद करून ते सरळ घरी येत नाहीत, चांगलं अंधार पडल्यावर येतात. आल्यावर दारातच थांबतात. मग न्हाणीत जाऊन तोंडात पाण्याची गुळणी धरून नुसते उभे राहतात. आणि जेवताना भाजीत मीठ कमी असलं तर मीठ मागून घेतात. हे शेवटचं सांगताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटत होतं, त्यांना काहीतरी मोठा आजार झालाय आणि ते लपवतायत. शेजारणीनं आणखीनच भलतं काहीतरी सुचवलं होतं. आई पौर्णिमेला एसटीनं नृसिंहवाडीला जाऊन दत्ताच्या पादुकांवर डोकं ठेवून आली होती, की ह्यांच्या मागं जे काही लागलंय ते सुटू दे. माणूस शांत झाला म्हणून कुणी देवाला साकडं घातल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला हसू आलं. पण आई हसण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

“तू बघून ये की,” ती म्हणाली. “रंकाळ्याकडं जात्यात म्हणं. मी गेलो तर बरं दिसायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रंकाळ्यावर गेले. ऊन उतरलं होतं. म्हशी पाण्यातून बाहेर येऊन अंग झटकत होत्या. धक्क्यावर बरीच माणसं होती, पण आबा त्यांच्यापासून लांब, जिथं धक्का वळतो तिथं बसले होते. फटफटी मागं उभी होती. शेडमधले काळे कपडे अंगावर तसेच. मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा पुडा होता, पण ते खात नव्हते. पाण्याकडं बघत होते. मला त्यांच्याजवळ जायला धीर होईना. एवढ्या वर्षांत आबांना असं नुसतं बसलेलं मी बघितलंच नव्हतं. घरात ते एक तर जेवत असायचे, झोपलेले असायचे, नाही तर रागावलेले.

त्यांनीच मला पाहिलं. थोडे सरकले.

“बस की. आईनं धाडलं व्हय?”

मी बसले. खोटं बोलावंसं वाटलं नाही, म्हणून आईला काय वाटतंय ते सगळं सांगून टाकलं. आजाराचं सांगितलं, नृसिंहवाडीचंही सांगितलं. शेजारणीचं तेवढं गाळलं. ते ऐकून ते हसले, पण आवाज न करता, आणि मग बराच वेळ शेंगा सोलत बसले. सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवत होते. शेवटी त्यांनी सांगायला सुरुवात केली. माझ्याकडं न बघता, पाण्याकडं बघतच.

माझ्या लग्नाच्या आधी काही आठवडे त्यांच्या फटफटीची क्लचवायर तुटली होती. गाडी शेडमध्येच ठेवून ते त्या दिवशी चालत घरी आले. गल्लीत शिरल्यावर त्यांना हसण्याचा आवाज आला. शेजारी कुणाकडं पाहुणे आले असतील असं त्यांना वाटलं. दाराजवळ आले तर आवाज आपल्याच घरातून येत होता. खिडकी अर्धी उघडी होती. आत मी माझ्या होणाऱ्या आत्येसासूची नक्कल करत होते, पदर डोक्यावर घेऊन, हात नाचवत. आई भिंतीला टेकून हसत होती.

“लग्नाला एवढी वर्षं झाली,” आबा म्हणाले, “पण तुझी आई अशी हसती, हे मला ठावंच नव्हतं. मी तिथंच हुबा ऱ्हायलो. पुढं काय सांगतीस ते ऐकायचं हुतं. मग मला खोकला आला.”

 पुढचं मला आठवत होतं. मला त्या दिवशी एवढंच जाणवलं होतं, की आज फटफटी न वाजताच आबा आले.

“तुझा हात वर तसाच ऱ्हायला,” ते म्हणाले. “आई उठून आत गेली. मला वाटलं, परक्याच्या घरात शिरलो का काय.”

 पाण्यावर काळोख उतरत होता. आबा सांगत राहिले. त्या रात्री त्यांनी ठरवलं होतं, की उद्यापासून ओरडायचं नाही. ते दोन-चार दिवस टिकलं. मग पुन्हा पहिल्यासारखं. माझ्या लग्नात वाढप्यावर ओरडले तेव्हा, आपण ओरडतोय हे त्यांना ओरडताना कळत होतं, आणि तरी थांबता येत नव्हतं. ते सगळ्यात वाईट, असं ते म्हणाले. आधी निदान कळत तरी नव्हतं. मी गेल्यावर घर आणखी गप्प झालं. तेव्हा त्यांनी स्वतःवर नजर ठेवायला सुरुवात केली, जशी नव्या मशीनवर ठेवतात तशी. राग कधी येतो, कुठून येतो. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की घरातल्या मिठाचा आणि कडीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

“राग घरात नसतो. मी आणतो बरोबर. मशीनचं बटण बंद केलं तरी चाक लगेच थांबत न्हाय, फिरतच असतं. त्यात हात घातला की गेला. मी तसाच फिरत घरी येतो आणि तुम्ही सगळ्या मधी सापडता.”

म्हणून ते आधी रंकाळ्यावर येऊन बसायचे. चाक थांबेपर्यंत. नुसतं ठरवून भागत नाही, हातापायांना काहीतरी काम लागतं, असं त्यांना वाटत होतं. शेंगा त्यासाठी. घरात गेल्यावर पाण्याची गुळणी त्यासाठी. तोंडात पाणी असलं की ओरडता येत नाही. पाणी टाकेपर्यंत बहुतेक वेळा ओरडायचं कारणही उरत नाही. “बहुतेक वेळा,” हे त्यांनी दोनदा म्हटलं.

घरी येताना मी फटफटीवर त्यांच्या मागं बसले. आईला मी एवढंच सांगितलं, की आबा बरे आहेत, आणि शेंगा खातात. आईचा विश्वास बसला नाही. तिचा विश्वास बसायला पुढं कितीतरी काळ गेला.

त्याच मुक्कामातली दुसरी एक संध्याकाळ. मी आईला पुण्याच्या नणंदेचं काहीतरी सांगत होते. फटफटी आली, आणि माझं तोंड मिटलं. आबा दारात आले. त्यांनी एक पाऊल आत टाकलं आणि पुन्हा बाहेर घेतलं.

“काय सांगालतीस?” त्यांनी विचारलं. “पुरं कर की. मी हितंच थांबतो.”

मी बोलायला तोंड उघडलं, पण काय सांगत होते तेच आठवेना. खरोखर आठवेना. आई माझ्याकडं बघत होती, धाकटी माझ्याकडं बघत होती, आणि आबा उंबऱ्याबाहेर, चप्पल पायात तशीच ठेवून थांबले होते, एखाद्या पावण्यासारखे. मी म्हटलं, काही नाही, सहज. ते ‘बरं’ म्हणाले आणि न्हाणीकडं गेले. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तेव्हापासून मी माहेरी आले की हे ठरलेलं. आबा दारात थांबायचे आणि मी बोलणं पुरं केल्याशिवाय आत यायचे नाहीत. सुरुवातीला मी पटकन काहीतरी बोलून मोकळी व्हायची. मग हळूहळू जमायला लागलं. पुण्यालाही मी तेच करायला लागले. नवऱ्याची सायकल फाटकाला लागली, की आतून कुणीतरी तोंड दाबल्यासारखं व्हायचं, तरी मी हट्टानं चालू असलेलं वाक्य शेवटपर्यंत न्यायची. सासूबाई उठून गेल्या असल्या तर भिंतीकडं बघून. एकदा नवरा आत आला तेव्हा मी एकटीच मोठ्यानं म्हणत होते, ‘आणि म्हणून मी तिला म्हटलं, वांगी नकोत.’ तो दारातच हसायला लागला. त्या रात्री मी त्याला आमच्या घरातलं सगळं सांगितलं. त्यानं ते मनावर घेतलं. त्यानंतर तो फाटकातूनच काहीबाही विचारत आत यायचा, म्हणजे मला गप्प व्हायला सवडच मिळू नये. काही वर्षांनी कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की आता मला मुद्दाम काही करावं लागत नाही. नेमकं कधीपासून, ते सांगता येणार नाही.

आबांचं मात्र सरळ रेषेत गेलं नाही. धाकटीनं रेडिओचं बटण तोडलं तेव्हा ते एकदा पूर्वीसारखे कडाडले. शेजारपाजारचे दारात आले. मी तेव्हा तिथं नव्हते, आईनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले आणि आईला म्हणाले, “काल माझं चुकलं.” आई दूध तापवत होती. ती त्यांच्याकडं वळली आणि दूध उतू गेलं. मग आबांनीच फडकं घेऊन ओटा पुसला. हे सांगताना आई अशी लाजली होती, जशी नवी नवरी लाजते.

माणूस बदलला की घरच्यांनाही बदलावं लागतं, आणि ते सोपं नसतं. आईची पळी शेवटपर्यंत बेतानंच निघायची. पण धाकटीला यातलं काही शिकावंच लागलं नाही. ती सात-आठ वर्षांची होती तेव्हापासून तिच्या वाट्याला नवे आबा आले. ती त्यांच्या पाठीवर चढायची. त्यांच्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून घ्यायची. मोठी झाल्यावर तिला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करायचा होता, आणि आबांना वाटत होतं तिनं बी. ए. करावं. त्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, माझ्यासमोर. ती उभी राहून, कमरेवर हात ठेवून त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलत होती.  मी आईचा हात धरला. आणि आबा मध्येच हसायला लागले. म्हणाले, आवाज माझा घेतलाईस, आता शेडपण घे. तिनं डिप्लोमाच केला.

त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन एकटीच बसले. मला धाकटीचा राग आला नव्हता. पण हे आबा माझे का झाले नाहीत, असं वाटत होतं. मी वर्षातून दोनदा यायची, दिवाळीला आणि मे महिन्यात. चार दिवस त्यांचं हसणं ऐकायची आणि परत जायची. पुण्याला गेल्यावर काही दिवस घरातली कामं करता करता मी मनातल्या मनात मंगळवार पेठेत हिंडायची. दहा वर्षांची होऊन उंबऱ्यावर बसायची. फटफटी यायची, आबा यायचे, आणि मी माझं बोलणं न थांबवता त्यांना विचारायची, की तुम्हीच सांगा, चूक कुणाची. हे कधीच घडलेलं नव्हतं आणि आता घडणारही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी मी पुन्हा पुन्हा तिथं जायची.

एका मे महिन्यात मी आबांना म्हटलं, “मला पन्हाळ्याला न्या की. फटफटीवरनं. दोघंच जाऊ.”

मी तेव्हा तिशीला टेकले होते. मला एक मुलगा होता. आईला हे काय खूळ म्हणून आश्चर्य वाटलं. आबांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेड बंद ठेवली, जी ते दसऱ्याशिवाय कधी ठेवत नसत. मुलाला आईजवळ सोडून आम्ही सकाळीच निघालो. वाटेत वाऱ्यामुळं एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, म्हणून बोललोच नाही. घाट चढताना मी त्यांचा खांदा धरला. शर्टाला तेलाचा वास होता, धुतला तरी न जाणारा. लहानपणी या वासानं मी सावध व्हायची. त्या दिवशी मी मुद्दाम खोल श्वास घेतला.

गडावरच्या ‘तीन दरवाजा’जवळ सावलीला बसून आम्ही आईनं दिलेली भाकरी आणि ठेचा खाल्ला. आणि मग मी सांगायला लागले. काय सांगायचं ते ठरवून गेले नव्हते. चौथीतल्या बाईंपासून सुरुवात झाली. त्या बाईंचा अंबाडा वर्गात सुटला होता आणि त्यातून लोकरीचा गोळा बाहेर पडला होता. मग शाळेच्या संमेलनात मी जिजाबाई झाले होते आणि शिवाजी झालेल्या मुलीला स्टेजवरच उचकी लागली होती. मग माझी एक मैत्रीण, जिचं लग्न नववीतच झालं आणि जी मला मंडईत भेटली तेव्हा ओळख न दाखवता निघून गेली. आईला अर्धं अर्धं सांगून राहिलेलं सगळं कुठून कुठून वर येत होतं. आबा तटाला पाठ लावून ऐकत होते. मी थांबले की ते म्हणायचे, “मग?” एवढंच. उचकीचं ऐकून ते इतके हसले की बाजूनं जाणारं एक सहलीला आलेलं कुटुंब थांबून बघायला लागलं. मैत्रिणीचं ऐकून म्हणाले, तिच्या बापाला मी ओळखत होतो.

दुपार कलली. मी बोलून थकले होते. आबा खालच्या दरीकडं बघत म्हणाले, “एवढं सगळं चाललं हुतं घरात. मला कोण सांगितलंच न्हाय.”

मी काही बोलले नाही. पण मी काय बोलले नाही, ते त्यांना कळलं असावं.

“व्हय,” ते म्हणाले. “ऐकणारा घरात नव्हता.”

परतीच्या वाटेवर त्यांनी फटफटी अगदी सावकाश चालवली. एसटी गाड्या आम्हाला मागं टाकून जात होत्या. मला ती वाट संपू नये असं वाटत होतं, आणि मला वाटतं, त्यांनाही.

त्यानंतर आबा फार वर्षं राहिले नाहीत. ऐंशीच्या दशकात, एका पावसाळ्याच्या शेवटी, त्यांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. शेड धाकटीनं चालवायला घेतली. उद्यमनगरात लोक आधी हसले, मग सवय झाली. आई तिच्याजवळच राहिली. आबा गेल्यावर आई बोलकी झाली, असं सगळे म्हणतात. मला वाटतं, ती आधीच झाली होती, आम्हाला ऐकू यायला उशीर झाला.

आबांच्या वर्षश्राद्धाला मी कोल्हापूरला गेले होते. विधी आटोपले, माणसं गेली, आणि आम्ही दोघी बहिणी मागच्या पायरीवर बसलो. धाकटीनं एकदम विचारलं, की आबा पूर्वी खरंच एवढे रागीट होते का. तिला त्यातलं फार थोडं आठवत होतं, तेही धूसर, म्हणजे आईचा पदर आणि त्याखालचा अंधार. मला वाटलं, आता ती म्हणेल की बरं झालं आठवत नाही. पण ती म्हणाली, “तुझ्याजवळ त्यांची बारा वर्षं माझ्यापेक्षा जास्त हायत. मला दे की त्यातली थोडी.”

 एवढी वर्षं मी तिच्या वाट्याच्या आबांसाठी झुरत होते, आणि ती माझ्या वाट्याच्या आबांसाठी. ताट सरकवणारे, कडीवरून ओरडणारे का असेनात, तिला तेही हवे होते.

म्हणून मी तिला सांगायला लागले. चांगलं काय सांगावं म्हणून आठवत बसले तेव्हा एक गोष्ट हाताला लागली, जी मी स्वतःही विसरले होते. मी सहा-सात वर्षांची असेन. गल्लीतल्या पोरांचे भोवरे बघून मी हट्ट धरला होता आणि आबा माझ्यावर ओरडले होते, पोरी भोवरा खेळतात का म्हणून. दोन-तीन दिवसांनी सकाळी उठले, तर माझ्या दप्तरावर एक पितळेचा भोवरा ठेवलेला होता. शेडमध्ये लेथवर कातलेला. आबा निघून गेले होते. त्यांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि मीही काढला नाही.

धाकटीचे डोळे मोठे झाले. ती स्वतः आता रोज त्याच मशीनवर उभी राहत होती. पितळ एवढं बारीक कातायचं म्हणजे किती सावकाश काम करावं लागतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

“कुठं हाय तो?”

“हरवला गं. कधी, ते पण आठवत न्हाई.”

 मग तिनं तो किती मोठा होता ते विचारलं. मी माझी बोटं जवळ आणून तिला दाखवला, एवढा, खाली असा निमुळता, आणि त्यावरच दोरी गुंडाळायला तीन बारीक खाचा. तिनं माझी बोटं तशीच धरून ठेवली आणि माप घेतल्यासारखी बघत बसली.